मिनी ट्रॅक्टरची हायड्रोलिक गळती: आधी उगम शोधा, मग पान्हा उचला

नाशिक, सांगली, सोलापूरकडच्या द्राक्ष-डाळिंबाच्या बागांत १५ ते ३० अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आता घरातल्या माणसासारखा राबतो. वेलींच्या दोन ओळींमधल्या नऊ-दहा फुटांत मोठं यंत्र वळत नाही, म्हणून फवारणीचा ब्लोअर, छोटा रोटाव्हेटर, शेणखताची ट्रॉली, सगळं याच्याच मागे लागतं. ऑक्टोबर छाटणी झाली आणि फवारण्या सुरू झाल्या की ट्रॅक्टर एक दिवस उभा राहिलेलाही चालत नाही. अशाच दिवसांत सकाळी ट्रॅक्टरखाली तेलाचा डाग दिसतो. घाईत मग दोनच गोष्टी होतात. समोर ओला दिसेल तो नट जोरात आवळला जातो आणि वरून ऑइल ओतत राहिलं जातं. पहिल्या उपायानं चांगला नट खराब होतो. दुसऱ्यानं मूळ दोष दोन-चार आठवडे झाकला जातो आणि तेवढ्यात तो वाढतो.

हायड्रोलिकचं ऑइल जिथून टपकतं तिथूनच ते बाहेर पडत असेल, असं धरून चालू नका. वरच्या जोडातून निघालेलं ऑइल ओतीव घराच्या कडेनं उतरतं, एखाद्या बोल्टाच्या डोक्याशी जमतं आणि तिथून खाली पडतं. इंजिनचा पंखा रेडिएटरमधून ओढलेली हवा मागे फेकतो, त्या वाऱ्यानंही ऑइल मागे सरकतं. डाग मागच्या चाकाजवळ आणि दोष इंजिनाजवळच्या पंपाशी, असं सर्रास असतं. म्हणून या लेखात दुरुस्तीइतकीच जागा शोधाला दिली आहे. उगम नीट सापडला तर पुढचं काम बहुतेक वेळा एका नळीचं, एका वायसरचं किंवा एका ओ-रिंगचं असतं.

थेंबाला क्षुल्लक समजू नका. दर सेकंदाला एक थेंब पडत असेल तर आठ तासांच्या कामात २८,८०० थेंब होतात, म्हणजे साधारण एक लिटर ऑइल. बहुतेक मिनी ट्रॅक्टरांत हायड्रोलिकला वेगळी टाकी नसते. गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलच्या घरात जे ऑइल असतं तेच पंप ओढतो, दाब देऊन लिफ्टच्या सिलिंडरकडे पाठवतो आणि तेच पुन्हा घरात परततं. अनेक मॉडेलांत ब्रेकही याच ऑइलमध्ये बुडालेले असतात. म्हणजे गळतीनं नुसती लिफ्ट मंद होत नाही, गिअर, बेअरिंग आणि ब्रेकही उपाशी राहतात.

हात लावण्याआधी

हा भाग वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, ही कळकळीची विनंती आहे.

छोट्या ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकमध्येही दाब साधारण दीडशे बारच्या आसपास जातो, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर दीडशे किलो. या दाबाखालचं ऑइल सुईच्या टोकाएवढ्या भोकातून बाहेर पडलं तर हिशेबानं त्याचा वेग सेकंदाला १८० मीटरच्या घरात जातो. असा फवारा डोळ्यांना धड दिसतही नाही, पण कातडी भेदून आत शिरतो. हातमोज्यानं तो अडत नाही. जखम म्हणाल तर टाचणी टोचल्यासारखी. सुरुवातीला फारसं दुखतही नाही, म्हणून माणूस फडक्यानं हात पुसतो आणि कामाला लागतो. आत मात्र ऑइल बोटाच्या शिरांच्या वाटेनं पसरत जातं, सूज येते, रक्तपुरवठा थांबतो, आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात कापावा लागतो. उजव्या हातानं काम करणाऱ्या माणसाच्या डाव्या तर्जनीला ही जखम सर्वांत जास्त होते, कारण डाव्या हातानं नळी चाचपायची सवय असते.

तेव्हा चालू ट्रॅक्टरवर नळीवरून बोट फिरवून गळती शोधणं पूर्णपणे बंद करा. पुठ्ठ्याचा किंवा प्लायवुडचा लांब तुकडा घ्या, हात दूर ठेवून तो नळीच्या आणि जोडांच्या बाजूनं सरकवा. फवारा असेल तर पुठ्ठ्यावर ओली रेघ उमटते. डोळ्यांवर चष्मा हवाच. आणि कुणाला असं टोचलंच, तर जखम दाबून पिळू नका, हळद किंवा मलम लावून वाट पाहू नका. १०८ वर फोन करा किंवा थेट हाताची शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा मोठ्या रुग्णालयात जा. तिथे पहिल्याच वाक्यात सांगा की दाबाखालचं हायड्रोलिक ऑइल कातडीच्या आत गेलं आहे. नुसतं “बोटाला टोचलं” म्हणालात तर धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं जाण्याची शक्यता असते. इथे काही तासांचाच प्रश्न असतो.

दुसरा धोका वजनाचा. उचललेल्या अवजाराखाली फक्त लिफ्टच्या भरवशावर कधीही जाऊ नका. कोणताही जोड सैल करण्याआधी ट्रॅक्टर सपाट जागी आणा, हँडब्रेक लावा, चाकांच्या पुढे-मागे दगड किंवा ठोकळे ठेवा, अवजार पूर्ण जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करून चावी खिशात टाका. मग लिफ्टचा लीव्हर आणि बाहेरच्या नळ्यांचा लीव्हर असेल तर तोही चार-पाच वेळा पूर्ण मागे-पुढे करा. नळ्यांत अडकलेला दाब त्यानं उतरतो. एवढं करूनही नट पहिल्यांदा अर्धा आटाच सैल करा, वर फडकं धरा, थांबा. दाब उरला असेल तर तो तिथेच सुटेल. काम करून आलेला ट्रॅक्टर तास-दोन तास थंड होऊ द्या, गरम ऑइलनं चांगलंच भाजतं. ऑइलचा बारीक फवारा तापलेल्या सायलेन्सरवर पडला तर पेट घेतो, तेव्हा मोठी गळती दिसताच इंजिन बंद करायचं, “एवढी ओळ संपवून घेऊ” म्हणायचं नाही.

उगम कसा शोधायचा

ट्रॅक्टर धुवा. बागेतली माती, औषधाचे थर आणि ऑइल मिळून जो लगदा होतो त्यात कोणालाच काही दिसत नाही. साबणाचं पाणी, ब्रश आणि साधा पाइप पुरेसा आहे. जोराच्या फवाऱ्याचं यंत्र ब्रीदर, सील आणि वायरिंगवर मारू नका, पाणी आत जातं. धुतल्यावर पूर्ण कोरडं होऊ द्या. मग संशयाच्या भागावर टाल्कम पावडर किंवा खडूची पूड हलकी भुरभुरा. ट्रॅक्टर मंद गतीवर पाच-दहा मिनिटं चालवा, लिफ्ट वरखाली करा, बंद करा आणि बॅटरी घेऊन बघा. पांढऱ्या पावडरीवर ऑइलची पहिली गडद रेघ कुठे उमटली, ती जागा लक्षात घ्या. ओल्या भागातला सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा बिंदू म्हणजे तुमचा पहिला संशयित.

आधी हेही ठरवा की गळतंय ते खरंच हायड्रोलिकचं ऑइल आहे का. पांढऱ्या कागदावर एक थेंब घ्या. काळं आणि जळकट वासाचं असेल तर इंजिन ऑइल, पातळ आणि उग्र वासाचं असेल तर डिझेल, हिरवट किंवा लालसर पाण्यासारखं असेल तर कूलंट. हायड्रोलिकचं ऑइल मधाच्या रंगाचं, स्निग्ध असतं. जुनं झालं की तपकिरी होतं, पण इंजिन ऑइलइतकं काळंकुट्ट सहसा होत नाही.

पान्हा हातात घेण्याआधी आणखी दोन गोष्टी बघायच्या आहेत. या दोहोंत अनेक गळत्या पैसे न खर्चता थांबतात. पहिली, ऑइलची पातळी. ट्रॅक्टर सपाट, अवजार खाली, इंजिन बंद, दहा मिनिटं थांबून डिपस्टिक. लिफ्ट वर असताना पातळी बघितली तर सिलिंडरमध्ये गेलेलं ऑइल मोजलं जात नाही, ती कमी दिसते, माणूस जास्त भरतो आणि जास्तीचं ऑइल मग ब्रीदरमधून किंवा सीलमधून बाहेर येतं. दुसरी गोष्ट ब्रीदर. गिअरबॉक्सच्या घरातली हवा तापून फुगते, तिला बाहेर जायला जी छोटी टोपी असते ती बागेतल्या धुळीनं आणि औषधाच्या थरानं बुजते. मग आतला दाब सीलच्या ओठातून ऑइल बाहेर ढकलतो. सील बदलूनही महिन्याभरात पुन्हा गळू लागल्याच्या तक्रारीमागे बुजलेला ब्रीदर असणं फार नेहमीचं आहे. तो काढा, डिझेलमध्ये धुवा, हवेनं फुंका, परत लावा.

काही गळत्या बाहेर दिसतच नाहीत. पंप इंजिनच्या टायमिंग गिअरवर बसवलेला असेल आणि त्याच्या शाफ्टचं सील गेलं असेल तर हायड्रोलिकचं ऑइल थेट इंजिनात उतरू शकतं. जमीन कोरडी, हायड्रोलिकची पातळी घटतेय आणि इंजिन ऑइलची पातळी वाढतेय, असं दिसलं तर ट्रॅक्टर चालवू नका. (इंजिन ऑइल डिझेल मिसळल्यानंही वाढतं, तेव्हा वास घेऊन बघा.) पंपाला ऑइल नेणाऱ्या सक्शन बाजूचा दोष आणखी फसवा असतो. तिथे पंप ओढत असतो, म्हणून ट्रॅक्टर चालू असताना ऑइल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. पंप विव्हळल्यासारखा आवाज करतो, लिफ्ट धक्के खात वर जाते, डिपस्टिकवर फेस दिसतो. ट्रॅक्टर बंद झाल्यावर मात्र त्याच जोडातून ओल येते. अशा वेळी सक्शन नळीच्या क्लिपा, नळीच्या चिरा आणि फिल्टरची ओ-रिंग बघायची.

फेस आणि पाणी यांतला फरक ओळखायला काचेच्या बरणीत थोडं ऑइल काढून ठेवा. फेस असेल तर अर्ध्या-पाऊण तासात ऑइल निवळतं. दुधाळपणा तसाच राहिला तर आत पाणी गेलं आहे, पावसाळ्यात उघड्यावर उभ्या ट्रॅक्टरला हे होऊ शकतं. त्यावर ऑइल आणि फिल्टर बदलण्याशिवाय दुसरा उपाय नाही.

बाहेर गळती नाही, पातळी बरोबर आहे, तरी उचललेलं अवजार इंजिन बंद केल्यावर हळूहळू खाली बसतं, ही आतली गळती. पिस्टनची रिंग किंवा ओ-रिंग, नाहीतर कंट्रोल व्हॉल्व्ह झिजलेला असतो. थोडं बसणं नव्या ट्रॅक्टरलाही असतं. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची चाचणी होते तेव्हाही भार उचलून, इंजिन बंद करून, अर्ध्या तासात तो किती खाली आला हे मोजून नोंदवतात. तुम्हीही मोजा: अवजार वर घ्या, इंजिन बंद करा, दूर उभं राहून खालच्या लिंकच्या टोकाची जमिनीपासूनची उंची आधी आणि अर्ध्या तासानं बघा. दर हंगामात एकदा लिहून ठेवली तर झीज वाढतेय का ते कळतं.

नळी बदलताना

बागेतल्या मिनी ट्रॅक्टरच्या गळतीत रबरी होज पाइपचा वाटा मोठा असतो. वाय मांडवाच्या लोखंडी अँगलांना आणि ताणाच्या तारांना घासून तिचं वरचं रबर जातं, आतली पोलादी जाळी उघडी पडते, पावसानं गंजते, आणि एक दिवस ऐन भाराखाली नळी फुटते. कधी सायलेन्सरच्या उष्णतेनं रबर कडक होऊन तडकतं. जाळी दिसू लागली, वरचं रबर फुगून आलं किंवा शेवटच्या लोखंडी टोपीजवळ ओल आली, की ती नळी संपली. तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी, एमसील किंवा क्लिप लावून दाब पेलत नाही. फवारणीचा एचटीपी पाइप हायड्रोलिकला जोडण्याचा मोह बागायतदाराला होतो, कारण तो हाताशी असतो. तो पाइप या दाबाचा नाही आणि या ऑइलसाठीही नाही. तसं कधीही करू नका.

नळीच्या अंगावर एक ओळ छापलेली असते. तीत आतला व्यास, प्रकार, चालू दाब आणि बनवल्याची तिमाही-वर्ष असतं. आतून तीन अष्टमांश इंच असलेल्या, एका पोलादी जाळीच्या (वन एसएन) नळीचा मानक चालू दाब १८० बार असतो आणि दोन जाळ्यांच्या (टू एसएन) नळीचा ३३० बार. किमतीत फरक थोडा असतो. जागा आणि वळण परवानगी देत असेल तर मी दोन जाळ्यांचीच सुचवीन. मात्र दोन जाळ्यांची नळी जास्त ताठ असते, फार आखूड वळणावर ती मुडपून तिथेच मरते. दुकानात ठेवून जुनी झालेली नळी घेऊ नका, तारीख वाचून घ्या.

जुनी नळी दोन्ही टोकांसकट घेऊन जा. वर्णन करून किंवा फोटो दाखवून नळी बनवून घेऊ नका, कारण आट्यांचा घोळ तिथेच होतो. आपल्याकडे या जोडांत बीएसपी आणि मेट्रिक असे दोन्ही आटे भेटतात, आणि त्यांतले काही जवळजवळ सारखे दिसतात. तीन अष्टमांश बीएसपीचा बाहेरचा व्यास १६.६६ मिलिमीटर आणि १६ मिलिमीटरचा मेट्रिक, डोळ्यांना फरक कळत नाही. पण पहिल्याला इंचात १९ आटे, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर सुमारे १.३४ मिलिमीटर, तर दुसऱ्याचं सहसा १.५. चुकीचा नट एक-दोन फेरे फिरतो आणि अडतो. इथे पान्ह्यानं जोर केला की पंपाच्या किंवा व्हॉल्व्हच्या घराचे आटे गेले, आणि ते घर अॅल्युमिनियमचं असेल तर शे-दोनशेचं काम हजारांवर जातं. बरोबर नट हातानं शेवटपर्यंत फिरतो, हीच खूण.

नळी चाकानं कापताना रबराचा आणि पोलादाचा कीस आत राहतो. बनवणाऱ्याला समोर उभं राहून हवेनं फुंकायला सांगा, घरी आणल्यावर स्वच्छ ऑइलनं धुवून घ्या आणि लावेपर्यंत दोन्ही तोंडांना टोप्या ठेवा. तोच कीस पंपातून फिरला तर दुरुस्तीनं नवा रोग आणला असं होतं. जुनी नळी काढल्यावर ट्रॅक्टरच्या उघड्या तोंडांवरही स्वच्छ प्लॅस्टिकचा कागद आणि रबरबँड लगेच लावा. वेस्ट कापसाचे धागे आत जातात, त्याऐवजी धुतलेलं सुती फडकं वापरा.

बसवताना दोन पान्हे लागतात: एकानं नळीचं टोक धरायचं, दुसऱ्यानं नट फिरवायचा. एकाच पान्ह्यानं आवळलं की नळी पिळली जाते आणि दाब आला की उलट फिरून नट सैल करते. नळीवरची छापील ओळ सरळ आहे की पीळ खाल्लाय ते बघा, तिचा हा दुसरा उपयोग. दाबाखाली नळी किंचित आखडते आणि किंचित लांबते, मानकात ४ टक्के आखडण्याची आणि २ टक्के लांबण्याची मुभा धरलेली असते. म्हणून ताणून बसवू नका, थोडी सैल ठेवा. मग लिफ्ट आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून नळी कुठे ओढली जाते का, टायरला किंवा सायलेन्सरला लागते का, ते बघा. घासण्याच्या जागी प्लॅस्टिकची सर्पिल पट्टी गुंडाळून घ्या. वाय मांडवाच्या बागेत ही पट्टी न लावणं म्हणजे पुढच्या हंगामाचं काम आजच ठरवून ठेवणं.

जोड, वायसर, ओ-रिंग

नळीच्या टोकाचा नट ऑइल अडवत नाही. ऑइल अडवतात ते आतले एकमेकांत बसणारे दोन शंकू, किंवा तांब्याचं वायसर, किंवा ओ-रिंग. आटे फक्त दाबून धरतात. हे ध्यानात आलं की टेफलॉन टेपचा मोह आपोआप सुटतो. शंकूच्या जोडाला टेप लावली तर गळती तशीच राहते आणि टेपचे तुकडे आत जाऊन रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारी झडप) अडकवतात. पाण्याच्या नळाची सवय इथे आणू नका.

शंकूचा जोड गळत असेल तर दाब उतरवून तो उघडा, दोन्ही शंकू पुसून उजेडात बघा. मातीचा कण असेल तर पुसून परत लावल्यावर गळती थांबेल. ओरखडा किंवा तडा असेल तर जोड बदलावाच लागेल. हातानं घट्ट झाल्यावर पान्ह्यानं साधारण पाव फेरा, छोट्या जोडाला त्याहूनही कमी, एवढंच आवळायचं. मॅन्युअलमध्ये टॉर्क दिला असेल तर तोच प्रमाण. दाब असताना जोड आवळायचा नाही, थेंब थांबवायच्या नादात नट फुटला तर सगळा फवारा तोंडावर येतो. तांब्याचं वायसर एकदा दबलं की कडक होतं, प्रत्येक वेळी नवं टाका. नवं मिळतच नसेल तर जुनं लाल होईपर्यंत तापवून पाण्यात विझवा, ते पुन्हा मऊ होतं, पण त्याचा चेहरा सपाट आणि बिनओरखड्याचा असेल तरच वापरा.

ओ-रिंगच्या बाबतीत रबर कोणतं हे मापाइतकंच महत्त्वाचं. खनिज हायड्रोलिक ऑइलला नायट्राइल रबर हवं. पाण्याच्या पंपाची, ठिबकच्या फिल्टरची किंवा ब्रेकच्या किटमधली रिंग मापात बसली तरी लावू नका. त्यांत अनेकदा ईपीडीएम रबर असतं आणि ते या ऑइलमध्ये फुगून मऊ पडतं. काढलेली जुनी रिंग फेकण्याआधी नीट बघा. चपटी आणि कडक झाली असेल तर उष्णता आणि वय, फुगली असेल तर चुकीचं रबर, कडा कुरतडल्यासारख्या असतील तर दाबानं ती फटीत घुसली आहे. अशा ठिकाणी मुळात टेफलॉनची आधाररिंग होती का, ती मागच्या दुरुस्तीत हरवली का, ते तपासा. चपट्या झालेल्या रिंगवरून माप घेऊ नका, ते कमी येतं. पार्ट नंबरवरून मागवा. जपानी घराण्याच्या ट्रॅक्टरांत पी आणि जी अशा मालिकांची मापं असतात, दुकानदाराला ती सांगितली की काम सोपं होतं.

खोबणीतली जुनी रिंग स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं खरवडू नका. एक ओरखडा पडला की नवी रिंगही तिथून पाझरते. बांबूची टोकदार काडी किंवा पितळेचा हुक घ्या. नवी रिंग त्याच ऑइलमध्ये बुडवून, पीळ न देता बसवा.

लिफ्टचे हात ज्या आडव्या शाफ्टवर बसतात, त्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना पाझर येणं ही जुन्या मिनी ट्रॅक्टरची नेहमीची तक्रार. काम अवघड नाही, घरी होण्याजोगं आहे. हात काढण्याआधी हात आणि शाफ्ट यांवर पंचानं एकमेकांसमोर खूण करा, कारण एक दात चुकला तरी दोन्ही हातांची उंची वेगळी होते. खुणेशिवाय हात ओढून काढलेला ट्रॅक्टर नंतर वाकडा उचलतो आणि दोष भलतीकडेच शोधला जातो. हात निघाल्यावर ओ-रिंग बदला, पण शाफ्ट वरखाली हलवूनही बघा. बुश झिजून खेळ आला असेल तर नुसती रिंग हंगामही टिकणार नाही.

पीटीओ शाफ्टचं किंवा पंपाचं ऑइल सील बदलताना स्प्रिंगची बाजू ऑइलकडे असते, आणि शाफ्टवर जुन्या सीलच्या ओठानं चर पाडला असेल तर नवं सील थोडं आत-बाहेर बसवावं लागतं किंवा शाफ्टवर बाही चढवावी लागते. पंपाचं पोट उघडणं, रिलीफ व्हॉल्व्हचा दाब ठरवणं, कंट्रोल व्हॉल्व्ह, लिफ्टचं झाकण उतरवून पिस्टन काढणं, ही कामं दाबाचं गेज आणि स्वच्छ टेबल असलेल्या कार्यशाळेची आहेत. रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू फिरवून लिफ्टला “ताकद” देणारा मिस्त्री भेटला तर त्याला थांबवा. त्या ताकदीची किंमत पंप आणि नळ्या भरतात.

भरणं आणि तपासणं

ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच. बुडालेल्या ब्रेकच्या ट्रॅक्टरला युटीटीओ प्रकारचं (गिअर, हायड्रोलिक आणि ब्रेक तिन्हींना चालणारं) ऑइल लागतं. त्याऐवजी ९० नंबरचं गिअर ऑइल ओतलं तर थंडीत ते जड होऊन पंपाला ओढवत नाही, आणि ब्रेक किरकिरतात किंवा धरतच नाहीत. दोन कंपन्यांची, दोन प्रकारची ऑइलं मिसळू नका. नरसाळं आणि मापटं पुसून घ्या, सक्शनची जाळी किंवा फिल्टर उघडला असेल तर त्याची ओ-रिंग नवी टाका.

पंप उघडला असेल तर लावण्याआधी त्याच्या तोंडात थोडं ऑइल भरा, कोरडा पंप फिरला तर काही सेकंदांतच आतून ओरबाडतो. इंजिन मंद गतीवर ठेवा, रेस देऊ नका. रिकामी लिफ्ट सावकाश पूर्ण वर, पूर्ण खाली, सात-आठ वेळा करा. सुरुवातीला ती अडखळेल, हवा निघाली की सरळ चालेल. बंद करा, अवजार खाली ठेवून पातळी बघा, कमी असेल तर भरा. मग भार लावून पुन्हा लिफ्ट चालवा आणि पुठ्ठ्यानं प्रत्येक जोड तपासा. जोड पुसून कोरडे करून ठेवले असतील तर एका दिवसाच्या कामानंतर ओल आली की नाही ते नेमकं कळतं.

सांडलेलं ऑइल लाकडाच्या भुशात टिपून घ्या, ते वेलींच्या मुळाशी पाण्यानं ढकलू नका. काढलेलं जुनं ऑइल वाळवीसाठी खांबांना चोपडणं किंवा बांधावर ओतणं आपल्याकडे चालतं, पण ते जमिनीत आणि मग विहिरीत उतरतं. वापरलेलं ऑइल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरा आणि नोंदणीकृत रिसायकलरकडे माल देणाऱ्या सर्व्हिस सेंटरला द्या. पाणी किंवा डिझेल त्यात मिसळू देऊ नका.

जुनी नळी भंगारात टाकण्याआधी तिच्यावरची छापील ओळ, लांबी आणि दोन्ही टोकांचे आटे ट्रॅक्टरच्या वहीत लिहून घ्या. सर्वांत जास्त घासणारी जी नळी आहे तिच्यासारखी एक जादा नळी ऑक्टोबर छाटणीच्या आधीच बनवून, तोंडांना टोप्या लावून, उन्हापासून लांब ठेवली तर फवारणीच्या दिवसांत तालुक्याला जाण्याचा अर्धा दिवस वाचतो.